पानगळीचे रूपक आणि पांढऱ्या पेशींचे आयुर्मान

१

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, हे विधान भारतातील बहुतेक भाषांच्या शालेय पुस्तकांत इतके रूढ झाले आहे की ते रूपक आहे ही जाणीवही आता उरलेली नाही. रोग हे आक्रमण, शरीर हा गड, ताप ही चकमक आणि पू म्हणजे रणात पडलेल्यांचा खच, अशी ही एक सलग कथा होय. ती सोयीची आहे आणि काही मर्यादेपर्यंत खरीही आहे. परंतु सैनिकाच्या मरणाविषयी ही कथा एकच प्रश्न विचारू देते : त्याला कोणी मारले? ज्याला कोणी मारले नाही तो जिवंत असलाच पाहिजे, हे तिचे गृहीत आहे. पांढऱ्या पेशींच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. त्यांतील बहुसंख्य पेशी कोणत्याही शत्रूशी गाठ न पडता मरतात. मरण ही त्यांची ठरलेली दिशा असून जगणे ही बाहेरून मिणारी, आणि पुन्हा पुन्हा नवी करून घ्यावी लागणारी, मुभा आहे.

हा भेद निव्वळ शास्त्रीय बारकाव्याचा नाही. डेंग्यूच्या साथीत ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे घरच्यांना अर्थ तत्काळ कळतो. सैनिक घटले, गड उघडा पडला. पण रक्ताच्या कर्करोगात ‘पांढऱ्या पेशी फार वाढल्या आहेत’ असे सांगितले जाते, तेव्हा तेच रूपक ऐकणाऱ्याची दिशाभूल करते. सैनिक वाढले तर चिंता कशाची? आणि त्या पेशी मरत नाहीत हाच रोग आहे, हे तर त्या कथेत बसवताच येत नाही. शास्त्रीय कल्पना एका भाषेतून दुसरीत नेताना पारिभाषिक शब्दाबरोबर त्याच्या पोटातले रूपकही येते, आणि पुष्कळदा शब्द अनुवादित होतो पण रूपक मागेच राहते. पांढऱ्या पेशींच्या आयुर्मानाची संकल्पना हे याचे उत्तम उदाहरण आहे.

प्रथम ‘पेशी’ या शब्दाविषयी. संस्कृत वैद्यकात पेशी म्हणजे मांसपेशी; सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्यांची संख्या ५०० सांगितली आहे. हिंदी आणि बंगाली या भाषांनी तो अर्थ राखला, आणि सजीवाच्या मूळ घटकासाठी हिंदीने ‘कोशिका’ तर बंगालीने ‘कोष’ हा शब्द योजला. मराठीने मात्र पेशी हा शब्द त्या मूळ घटकाला देऊन टाकला व मांसपेशीला ‘स्नायू’ म्हटले. बंगालीत तोच स्नायू म्हणजे मज्जातंतू. मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ स्वीकारली, पण बोलण्यात पेशीच टिकली. याहून जुना शब्दप्रयोग ‘रक्तकण’ किंवा ‘रक्तकणिका’ असा आहे, आणि तो हिंदी-बंगालीत अद्याप चालतो. कण निर्जीव असतो. तो झिजतो, पण मरत नाही. ज्या भाषेत पांढरे कण आहेत त्या भाषेत त्यांच्या आयुष्याचा प्रश्न सहजासहजी उद्भवणार नाही, असे म्हणावयास जागा आहे.

२

सैनिकाच्या रूपकाला शास्त्रीय आधार मिळाला तो १८८२ साली, सिसिलीतील मेसिना येथे. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत गुलाबाचे काटे टोचले आणि फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा होतात असे पाहिले. या पेशींना ग्रीक नाव हवे होते. ते व्हिएन्नातील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविले : फॅगोसाइट, म्हणजे खाणारी पेशी. मराठीत ती ‘भक्षक पेशी’ झाली. मेचनिकॉव्ह यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासह विभागून मिळाले. एर्लिख यांनी पांढऱ्या पेशींचे प्रकार रंगद्रव्यांच्या साहाय्याने वेगळे केले होते, आणि म्हणून सर्वांत बहुसंख्य अशा पांढऱ्या पेशीचे नाव आजही तिच्या कामावरून नसून रंगावरून आहे. न्यूट्रोफिल, म्हणजे उदासीन रंग धरणारी. एकाने नाव कृतीवरून दिले, दुसऱ्याने वर्णावरून. आयुष्यावरून मात्र कोणीच दिले नाही.

३

ते नाव आले १९७२ साली, आणि तेही एका ग्रीकच्या प्राध्यापकाकडून. ब्रिस्बेनचे विकृतिशास्त्रज्ञ जॉन केर यांनी उंदरांच्या यकृतात पेशींचे एक वेगळे मरण पाहिले होते. सामान्यतः इजा झालेली पेशी फुगते, फुटते, तिच्यातील द्रव्ये बाहेर सांडतात आणि भोवती दाह उसळतो. केर यांना दिसलेली पेशी उलट आकसत होती. तिचे केंद्रक घट्ट होऊन तुटत होते, ती पटलाने वेढलेल्या लहान तुकड्यांत विभागत होती, आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गाजावाजा न करता गिळून टाकत होत्या. केर यांनी आरंभी याला आकुंचनी ऊतकमृत्यू अशा अर्थाचे अवजड नाव दिले. पुढे स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे अँड्र्यू वायली व अ‍ॅलिस्टर करी यांच्याबरोबर काम करीत असता तिघांनी तेथील ग्रीक विभागाचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांना विचारले, आणि त्यांनी सुचविलेला शब्द होता अपॉप्टोसिस : झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळून पडणे. निबंधाच्या तळटीपेत लेखकांनी उच्चारही सांगून ठेवला होता. शब्दाच्या उत्तरार्धातील ‘प’ उच्चारू नये, म्हणजे पडणे या अर्थाचा मूळ ग्रीक धातू कानाला स्पष्ट होईल. मराठीसह बहुतेक भाषांनी या सूचनेकडे दुर्लक्ष केले आहे.

भारतीय वाचकाला त्या धातूची ओळख करून देण्याचे कारण नाही. ग्रीक शब्दातील पडण्याचा धातू आणि संस्कृत ‘पत्’ हे एकाच मुळाचे. ‘पतन’ त्यातून आले, आणि परंपरेने ‘पत्र’ म्हणजे पानही त्यातूनच सांगितले जाते. ग्रीक उपसर्गही आपल्या ‘अप’चा भाऊबंद. तेव्हा ‘अपपतन’ असा तंतोतंत प्रतिशब्द घडविता येईल. पण तो कोशात जन्मून कोशातच मरेल. मराठीजवळ ‘पानगळ’ हा घरचा शब्द असताना त्याची गरजही नाही.

प्रत्यक्षात मराठीत काय झाले? विज्ञानविषयक लेखनात प्रायः दोन प्रयोग आढळतात : ‘पूर्वनियोजित पेशीमृत्यू’ आणि ‘पेशींची आत्महत्या’. पहिला प्रयोग दुसऱ्याच एका वंशाचा आहे. रेशमी पतंगाच्या स्नायूंचा अभ्यास करताना रिचर्ड लॉकशिन व कॅरोल विल्यम्स यांनी १९६४-६५ च्या सुमारास योजलेला तो शब्द होय. त्यात संगणकाच्या आरंभकाळाचा आज्ञावलीचा वास आहे, आणि सर्व काही आधीच लिहून ठेवले आहे असा त्याचा ध्वनी आहे. दुसरा प्रयोग नाट्यमय खरा, पण तो अधिक सदोष आहे. आत्महत्या या शब्दात हताशपणा आहे, दोष आहे, आणि एका व्यक्तीचा एकाकी निर्णय आहे. पेशी असा निर्णय एकटीने घेत नाही. शिवाय ज्या घरात हा शब्द खऱ्या अर्थाने येऊन गेला आहे, तेथे तो शरीराच्या रोजच्या व्यवहारासाठी वापरणे निष्काळजीपणाचे आहे.

पानगळीचे रूपक या दोहोंहून अचूक का, हे वनस्पतिशास्त्राकडे पाहिले म्हणजे कळते. पान वाळले म्हणून गळते अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु मोडून लोंबणाऱ्या फांदीवरील पाने वाळून कोळ झाली तरी तशीच चिकटून राहतात. गळायला झाड जिवंत असावे लागते. पानाच्या पात्यातून ऑक्सिन हे संप्रेरक देठाकडे अखंड वाहत असते आणि तोवर देठाचा सांधा टिकून राहतो. हा प्रवाह मंदावला की सांध्यातील पेशी इथिलीन वायूला प्रतिसाद देऊ लागतात. विकरे पेशींच्या भिंती विरघळवितात, फांदीच्या बाजूला संरक्षक थर धरतो, आणि मग पान पडते. तत्पूर्वी झाडाने पानातील नत्राचा बराचसा भाग परत ओढून घेतलेला असतो. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकाला हे अनुभवाने ठाऊक आहे. पातेगळ थांबविण्यासाठी नॅप्थिल अ‍ॅसेटिक आम्लाची जी फवारणी होते, ते कृत्रिम ऑक्सिनच होय. टिकून राहण्याचा संकेत बाहेरून पुरविला की गळ थांबते.

४

पांढऱ्या पेशींत हे तत्त्व सर्वांत ठळकपणे दिसते ते न्यूट्रोफिलमध्ये. निरोगी प्रौढ माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज, म्हणजे जुन्या गणनेत एक निखर्व, न्यूट्रोफिल निर्माण करते. आणि रक्तातील त्यांची संख्या स्थिर राहते याचा अर्थच असा की रोज जवळजवळ तितक्याच नाहीशा होतात. रक्तात त्या किती काळ असतात याविषयी मतभेद आहेत. जुन्या मापनांनुसार काही तास; २०१० साली जड पाण्याची खूण वापरून झालेल्या अभ्यासाने सरासरी पाच दिवसांहून थोडे अधिक आयुष्य सुचविले, पण तो आकडा सर्वमान्य झालेला नाही. कोणताही आकडा धरला, तरी स्मृतिपेशींच्या मानाने हे आयुष्य क्षणिकच म्हणावे लागेल.

या अल्पायुष्याचा एक आधार पेशीच्या आतच आहे. एमसीएल-१ नावाचे प्रथिन न्यूट्रोफिलला मरणापासून आवरून धरते, परंतु ते स्वतः काही तासांतच विघटित होते. बाहेरून संकेत येत राहिले तर ते पुन्हा बनत राहते. संकेत थांबले की त्याचा साठा आटतो, तंतुकणिकांची पटले सच्छिद्र होतात, आणि कॅस्पेज ही विकरे पेशीला आतून व्यवस्थितपणे मोडून टाकतात. म्हणजे मरणाची सामग्री प्रथमपासून तयार असते. तिला थोपवून धरणारा हात तेवढा रोज बदलावा लागतो. जंतुसंसर्ग झालेल्या जागी असे हात पुष्कळ असतात. तेथील ऊतके व इतर पेशी वाढघटक स्रवतात, जंतूंची द्रव्येही तोच संदेश देतात, प्राणवायूची तूट हीसुद्धा संकेताचे काम करते, आणि न्यूट्रोफिलचे आयुष्य लांबते. पण जंतू गिळून झाले की तीच पेशी लवकर मरणाकडे वळते. हे वळण महत्त्वाचे. न्यूट्रोफिलच्या पोटात जी विकरे जंतूंना जाळतात तीच आपल्या फुप्फुसाचे आणि सांध्यांचे ऊतकही खातात. काम संपल्यावर रेंगाळलेली न्यूट्रोफिल ही बाहेरच्या जंतूइतकीच धोक्याची असते.

लढाईला न गेलेल्या न्यूट्रोफिलचे काय होते? येथे शरीराची व्यवस्था एखाद्या जुन्या संस्थानाच्या जमाखर्चासारखी चोख दिसते. वय वाढत जाते तसा पेशीच्या पृष्ठभागावर सीएक्ससीआर-४ हा ग्राहक वाढत जातो, आणि त्याला ओढणारे द्रव्य अस्थिमज्जेत असते. म्हणजे वृद्ध झालेली पेशी पुष्कळदा आपल्या जन्मस्थानीच परतते. तेथे, तसेच प्लीहेत व यकृतात, महाभक्षक पेशी तिला गिळतात. २००५ साली उंदरांवरील प्रयोगांतून यापुढचा दुवा हाती आला. मरणोन्मुख न्यूट्रोफिल गिळल्यावर महाभक्षक पेशी इंटरल्यूकिन-२३ हा संदेश कमी पाठवितात. त्यामुळे काही लसीकापेशी इंटरल्यूकिन-१७ कमी स्रवतात. त्यामुळे मज्जेला नव्या न्यूट्रोफिल घडविण्यास सांगणारा वाढघटक, जीसीएसएफ, कमी होतो. उलटपक्षी गिळण्यास आलेल्या मृत पेशी घटल्या की मज्जेकडे जाणारी मागणी वाढते. जिवंतांची शिरगणती शरीर करीत नाही. किती मेल्या याच्या नोंदीवरून किती जन्मास घालायच्या हे ठरते.

याच जीसीएसएफचे औषध १९९१ पासून अमेरिकेत मान्यता पावलेले आहे, आणि कर्करोगाच्या रसायनोपचारानंतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या रुग्णांना आज भारतातही ते सर्रास दिले जाते. ते मज्जेतील उत्पादन वाढविते व तयार पेशींचे आयुष्यही लांबविते. कापसावरील फवारणीहून तत्त्वतः ते फार दूर नाही.

५

लसीकापेशींची व्यवस्था निराळी. त्यांतील टी-पेशी ज्या ग्रंथीत घडतात तिला मराठी विश्वकोशाने ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव दिले आहे. तारुण्यानंतर लोप पावणारी. ग्रीक-लॅटिन परिभाषेत न सापडणारे हे आयुष्यवाचक नाव मराठीत घडले, याची दखल भाषाभ्यासकांनी घ्यावी. या ग्रंथीत घडणाऱ्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तेथेच मरतात. स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशींना मारले जाते हे प्रसिद्ध आहे. पण त्यांहून कितीतरी अधिक पेशी मारल्या जात नाहीत. त्यांचा ग्राहक कोणत्याही खुणेशी जुळत नाही, म्हणून त्यांना जगण्याचा संकेतच मिळत नाही. प्रतिकारशास्त्रज्ञांनी त्याला उपेक्षेने येणारा मृत्यू असे म्हटले आहे.

बाहेर पडलेल्या टी-पेशींना पुढे इंटरल्यूकिन-७ वर जगावे लागते. हे द्रव्य लसीकाग्रंथींतील आधारपेशी जवळजवळ ठराविक प्रमाणात पुरवितात, जणू बांधलेला शिधाच. पेशी फार झाल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला तो अपुरा पडतो आणि काही मरतात. पेशी घटल्या तर उरलेल्यांना तो मुबलक मिळतो व त्या विभाजू लागतात. कोणी अधिकारी संख्या ठरवीत नाही, ती शिध्याने ठरते. लंडनचे जीवशास्त्रज्ञ मार्टिन रॅफ यांनी १९९२ साली हेच तत्त्व बहुतेक सर्व प्राणिपेशींना लागू केले : इतर पेशी जगण्याचा निरोप पाठवीत राहतात तोवरच पेशी जगते.

संसर्गाच्या काळात नेमक्या जातीच्या टी-पेशी हजारोपट वाढतात, आणि संसर्ग ओसरल्यावर त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक थोड्या आठवड्यांत मरून जातात. ही ओहोटी थांबली तर काय होते ते काही मुलांत दिसते. फॅस नावाच्या ग्राहकात जन्मजात दोष असला म्हणजे लसीकापेशी मरणाचा संकेत घेऊ शकत नाहीत. मुलाच्या लसीकाग्रंथी व प्लीहा सुजून राहतात आणि त्याच्या पेशी त्याच्याच रक्तघटकांवर उलटतात. या रोगाचे मूळ १९९५ साली उलगडले.

कर्करोगाच्या विचारातही येथेच वळण आले. एका प्रकारच्या लसीकार्बुदात बीसीएल-२ हे जनुक आपल्या जागेवरून हललेले असते. ते पेशींना भराभर वाढवीत असणार अशी त्या काळच्या समजुतीप्रमाणे अपेक्षा होती. १९८८ साली मेलबर्न येथे डेव्हिड वॉ, सुझॅन कोरी व जेरी अ‍ॅडम्स यांनी दाखविले की हे जनुक पेशीला वाढवीत नाही, ते तिला मरू देत नाही. दीर्घकालीन लसीकापेशीय रक्तकर्करोगातही हेच प्रथिन पेशींना धरून ठेवते, आणि त्याला अडविणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत प्रथम मान्य झाले. रुग्णाच्या आप्तांना हे सैनिकांच्या भाषेत समजावता येत नाही. ‘जुनी पाने गळत नाहीत, म्हणून नवी पालवी फुटायला जागा उरली नाही, हे औषध ती गळ पुन्हा सुरू करते,’ असे मात्र कोणत्याही खेड्यातील माणसाला सांगता येते.

६

येथे एक तौलनिक मुद्दा नोंदविला पाहिजे. ॲबर्डीनच्या शरदात पाने गळतात तेव्हा पुढे दीर्घ हिवाळा उभा असतो, आणि युरोपीय काव्यपरंपरेत पानगळ अवसानाची खूण झाली ती त्यामुळेच. दख्खनमध्ये शिशिरापाठोपाठ वसंत येतो. पळस निष्पर्ण होतो तो फुलण्यासाठी. पिंपळ जुनी पाने टाकतो आणि अल्पावधीतच तांबूस पालवीने भरून जातो. रोज निखर्व पेशी टाकणाऱ्या व तितक्याच घडविणाऱ्या मज्जेला हे दुसरे चित्र अधिक शोभते. ग्रीकमधून निघालेले रूपक मराठीत आल्यावर वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते, असे क्वचित घडते.

अर्थात ते सर्वत्र पुरत नाही. गळलेले पान जमिनीवर कुजते. मेलेली पेशी कुजू दिली जात नाही. तिच्या पटलाच्या आतील बाजूचे एक स्निग्ध द्रव्य बाहेर येते, आणि त्या खुणेवरून महाभक्षक पेशी तिला ओळखतात. जॉन सॅव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली न्यूट्रोफिलच्या बाबतीत हे गिळणे दाखवून दिले होते. गिळणारी पेशी नंतर दाह शमविणारी द्रव्ये सोडते, म्हणजे या अंत्यविधीने परिसर शांत होतो. या क्रियेला २००३ पासून एफेरोसायटोसिस म्हणतात. लॅटिनमधील मूळ क्रियापदाचा अर्थ प्रेत दफनासाठी बाहेर नेणे असा आहे. मराठीत या शब्दाला अद्याप रूढ प्रतिशब्द नाही. ‘भक्षण’ म्हटले तर मेचनिकॉव्ह यांची जंतू खाणारी पेशी डोळ्यांपुढे येते आणि दोन क्रियांतील भेदच पुसला जातो. ‘उत्तरक्रिया’ हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे, जरी त्यातील धार्मिक छटा काहींना अडचणीची वाटेल.

आणि काही पाने गळतच नाहीत. प्रतिद्रव्ये स्रवणाऱ्या काही पेशी अस्थिमज्जेतील मोजक्या आसऱ्यांत दशकानुदशके राहतात. आसरा सुटला तर त्याही थोड्या दिवसांत मरतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या महासाथीतून वाचलेल्या आणि नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी-पेशी अजून फिरत आहेत, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यांतल्या काहींपासून प्रयोगशाळेत मिळविलेल्या प्रतिद्रव्यांनी त्या विषाणूची लागण केलेले उंदीर वाचले.